भुजलीचे पाय सरळ होते

१९ एप्रिल, रविवार. आज चिंच फोडायची.

दरवर्षी एप्रिलात माझा धाकटा भाऊ मधुकर फोन करतो, "बाई, चिंच वाळली, येजो," आणि मी गोंडपिपरीचं शिलाईचं दुकान ऐन लग्नसराईत बंद करून, मूल गावी बस बदलून, सिंदेवाहीच्या अलीकडे उतरून माहेरी येते. तिकडे अर्धवट शिवलेले ब्लाउज खुंटीला लटकत असतात, नवऱ्या मुलींच्या आया फोनवर ओरडत असतात, आणि मी इकडे अंगणात पोत्यावर मांडी घालून बसलेली असते. वहिनीचे गुडघे वाकत नाहीत. तिच्या सुनेच्या, रंजूच्या, हाताला चिंचेने खाज सुटते. आणि चिंच विकत आणू म्हटलं की मधुकरला अपमान वाटतो, कारण आमच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर चिंचेचं झाड आहे. झाड आहे, फोडणारे हात नाहीत. म्हणून मी.

चिंच फोडायला अक्कल लागत नाही, बसायची ताकद लागते. आधी टरफल, मग शिरा, मग ठोकळ्यावर ठेवून दगडाचा बेताचा ठोका, की चिंचोका टुणकन बाहेर. जोरात मारलं तर चिंचोका फुटून गरात कच राहते, हळू मारलं तर तो सुटतच नाही. आणि वास. आंबट, थोडा गुळासारखा, थोडा तापलेल्या धुळीचा. हा वास एकदा नाकात शिरला की हात आपलं काम करत राहतात आणि डोकं भलतीकडेच जातं. मला ते आवडत नाही. डोकं हाताबरोबर असावं, नाहीतर अंगठा चेचतो.

आज चेचला.

मधुकरची नात, रंजूची परी, उंबरठ्यावर बसून माझ्याकडे बघत होती. सात वर्षांची, एरवी वाऱ्यासारखी पोरगी. यंदा गुडघ्यावर खपली आणि तोंड एवढंसं. मी म्हटलं, "येताना बसमधून पाहिलं, बोडीवरच्या चिंचेला यंदा केवढी चिंच लागली आहे! कोणी झोडली कशी नाही? चल, दोघी जाऊन खालची वेचून आणू."

परी पाय आत ओढून बसली. "तिथी नाई जायचं, मोठी आजी. तिथी चिंचवाली हाय."

"कोण चिंचवाली?"

"चुडैल. पांढरी साडी घालते. पोराइले नाव घेऊन बोलावते. तिचे पाय उलटे हायेत."

तेवढ्यात दगड अंगठ्यावर बसला.

रंजूने मोबाइल आणून दाखवला. गल्लीतल्या कोणा उद्योगी तरुणाने बोडीवरच्या झाडाचा व्हिडिओ केला आहे. मागे कुत्रं रडल्यासारखं संगीत, पडद्यावर लाल अक्षरं, आणि सांगणाऱ्याचा आवाज असा की त्याला आधी सर्दीचं औषध द्यावं. फार वर्षांपूर्वी इथे एक बाई मेली म्हणे. तेव्हापासून ती वाटेने जाणाऱ्याला हाका मारते म्हणे.

बाई! ती गेली तेव्हा फ्रॉक घालत होती. फ्रॉकला काखेत ठिगळ होतं आणि ते माझ्या आईने लावलं होतं. उलटे पाय! टाचांना भेगा होत्या, पण पाय चांगले सरळ होते. लंगडीत त्या पायांना अख्ख्या गावात कोणी पकडू शकत नव्हतं.

मी भूत मानत नाही. हे आधीच सांगून टाकते. पण त्या झाडावर कोणी असेलच, तर ती माझी भुजली आहे.

भुजली म्हणजे काय ते आता समजावून सांगावं लागतं, हाही एक वैताग. श्रावणात आम्ही मुली बांबूच्या टोपलीत शेणखताची माती भरून गहू पेरायचो आणि ती टोपली अंधाऱ्या खोलीत झाकून ठेवायचो. उजेड नसल्यामुळे रोपं हिरवी न होता पिवळीधम्मक, लांब, लुसलुशीत वाढायची. त्या खोलीचं दार उघडलं की ओल्या खताचा आणि कोवळ्या गव्हाचा वास अंगावर यायचा, तापलेल्या दुधासारखा. राखीच्या दुसऱ्या दिवशी टोपल्या डोक्यावर घेऊन, गाणी म्हणत, चिखल तुडवत बोडीवर जायचं. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं, धानाला पाणी देणारं. तिथे माती धुऊन काढायची आणि पिवळी रोपं वाटायची. ज्या दोघी एकमेकींच्या कानावर ती रोपं खोचतील, त्या त्या दिवसापासून भुजली. मग एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, जन्मभर. तिची आई ती आपली आई. तिच्या घरी लग्न निघालं तर आपल्याला घरच्यासारखं राबायचं, मरण आलं तर घरच्यासारखं बसायचं. जातपात, गाव, टोला, काही आड येत नाही. बहिणीशी भांडता येतं. भुजलीशी भांडलं तर लोक हसतात.

ती टोल्यावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतल्या, गोंडांची, मी गावातली. आमची टोपली एकच होती, कारण तिच्याकडे टोपली होती आणि आमच्याकडे गहू. तिचं नाव मी इथेही लिहीत नाही. सवय सुटत नाही, त्याला मी काय करू.

ती डावखुरी. डाव्या हाताने विळा धरायची म्हणून बाया तिला शेजारी घेत नसत. चैत्रात तिच्या अंगाला मोहफुलांचा वास यायचा, कारण पहाटेपासून ती आणि तिची माय मोह वेचायला जात. झाडाखालचा पालापाचोळा आदल्या दिवशी जाळून जमीन काळी करून ठेवलेली असे, आणि त्या काळ्या राखेवर पिवळट फुलं टपटपत राहायची, कोणी वरून मोजून टाकत असल्यासारखी. ती शाळेत यायची तेव्हा बोटं चिकट, वहीची पानं एकमेकांना चिकटलेली, आणि मास्तर विचारायचे, "काय वं, अभ्यास केला का मोह खाल्ला?" ती म्हणायची, "दोन्ही, गुरुजी." दोन्ही खोटं असायचं. मोह तिने विकायला दिलेला असायचा.

एका पावसाळ्यात ती गेली. धानाची रोवणी चालू होती. बोडी काठोकाठ भरली होती आणि बेडकांचा आवाज इतका की घरात बोललेलं ऐकू येत नव्हतं. मला तेवढंच आठवतं. तिच्या मायने मला घरात बोलावून आपल्या लेकींच्या रांगेत बसवलं. मी कुठे बसायचं हे तिथे कोणी विचारलं नाही.

त्यानंतरच्या एप्रिलात आमच्या अंगणात नेहमीसारखी चिंच फोडायला बाया जमल्या. तिची मायही आली. पोरी गप्प. बोडीच्या पाळीवरचं, म्हणजे तिच्या बांधावरचं, ते झाड आमचं खेळायचं ठिकाण होतं, पण ती गेल्यापासून कोणी तिकडे फिरकत नव्हतं. दगडांचा ठक ठक आवाज तेवढा. आणि मध्येच गल्लीतली एक पोरगी बोलून गेली, "काल मी पाळीवर एकटीच गोटे खेळत होतो. वर फेकलेला गोटा लवकर खालीच आला नाई. उशिरानं आला."

सगळे दगड थांबले. माझ्या आईने त्या पोरीकडे असं पाहिलं की ती तिथेच आटली.

तिची माय मान वर न करता म्हणाली, "कोन्या हातानं झेलला तिनं?"

"दिसलं नाई, काकी."

"डाव्या हातानं झेलला असन. माही पोरगी डावखुरी." आणि तिने पुढची चिंच ठोकळ्यावर ठेवली.

झालं. त्या दिवसापासून गोष्टी सुरू झाल्या. रोज एक तरी. ती झाडाआड उभी राहून लंगडीत कोण आउट झालं ते मोजते. लहान भावंडाला मागे टाकून पळणाऱ्या पोरीची चप्पल ती लपवते, आणि पोरीने कान धरून चूक कबूल केली की पाळीच्या दुसऱ्या टोकाला सापडते. मोहाच्या झाडाखाली एक पोर वेचता वेचता झोपली, अस्वल आलं, तर वरून अस्वलाच्या नाकावर असं काही फटकन पडलं की ते शिंकत शिंकत जंगलात गेलं. लपाछपीत सगळे सापडले तरी आणखी कोणीतरी खुदकन हसतं, म्हणून डाव संपतच नाही. मे महिन्यात तेंदूपत्त्याचे पुडे बांधताना जी पोरगी मागे राहील तिचा शेवटचा पुडा आपोआप बांधला जातो, फक्त गाठ उलटी, डावखुऱ्या हाताची.

आणि या सगळ्यांवर तिच्या मायची देखरेख. ती रडत नव्हती. ती दुरुस्त्या करत होती.

"मले वरून चिंचोके फेकून मारले तिनं," एकीने सांगितलं.

"चिंचोके? मंग ते दुसरीच कोनी असन. माही पोरगी चिंच खातच नोती, दात आंबत होते तिचे. बोराच्या बिया म्हन."

मग पाळीवरच्या चिंचेच्या झाडावरून बोराच्या बिया पडू लागल्या. कोणाला त्यात काही गैर वाटलं नाही.

"ते मले गानं म्हनून दाखवत होती, काकी."

"गानं? अवं, तिचा गळा फुटक्या मडक्यासारखा. नाचली असन. नाचत मस्त होती."

अशी ती भूत झाली. पण घरची माणसं तपासून घेत असल्यामुळे चांगली राहिली. तिला स्वभाव होता, सवयी होत्या, न आवडणारं खाणं होतं. आणि तिचा एक नियम साऱ्या पोरांना पाठ होता: ती कोणाचंच नाव घेत नाही. झाडाजवळ कोणी नावाने हाक मारली तर ती आपली आई असते, मुकाट्याने घरी जायचं. आजच्या या मोबाइलच्या भुताला ना गाव ना घर, ना कोणी "असं नव्हतं गं" म्हणणारी आई. मग वाढतंय ते वेड्या बाभळीसारखं.

मला एकाच गोष्टीचा राग होता. सगळ्यांना ती भेटत होती, मला नाही. मी दुपारभर त्या झाडाखाली गोटे खेळून पाहिले. वर फेकलेला गोटा मुकाट्याने वेळेवर खाली येई. शेंड्याकडे पानं सळसळत, बोडीच्या पाण्यावरून कमळाच्या कुजक्या देठांचा वास येई, पलीकडे कोणाची तरी बैलं पाण्यात उतरून फुरफुरत, आणि बस. मी तणतणत टोल्यावर गेले आणि तिच्या मायकडे तक्रार केली, की तुझी पोरगी गावभर फिरते, माझ्याकडे तेवढी येत नाही.

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तू घरची. घरच्या मानसाले भूत दिसते काय कधी? ते पाहुन्याले दिसते." आणि मला भाकरी दिली, वर ओल्या मिरचीचा ठेचा. ते उत्तर मला तेव्हा पटलं नाही. अजूनही पटत नाही. ठेचा चांगला होता.

पुढे माझं लग्न झालं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघाले, तर मुलींनी सांगून ठेवलेलं, की झाडाखालून जाताना पदर पसर, ती प्रत्येक नवरीच्या ओटीत काहीतरी टाकते. मी पसरला. एक पिकलेली चिंच वरून आली ती ओटीत नाही, थेट कपाळावर. फुटली. शालूवर डाग पडला तो आजतागायत गेलेला नाही, आणि मी शिलाईवाली आहे, मला डाग काढता येतात. पुढे तिच्या घरचे गाव सोडून गेले, कोणी म्हणतं मुलचेऱ्याकडे, कोणी म्हणतं त्याही पलीकडे. टोल्यावरचं त्यांचं घर पावसाने बसवलं. गोष्टी मात्र राहिल्या. माझ्या भाच्यांनी त्या ऐकल्या, मधुकरच्या मुलाने ऐकल्या. मग कधीतरी मोबाइल आले आणि अंगणात चिंच फोडायला मी एकटीच उरले.

तर आज दुपारी रंजू म्हणाली, "आत्याबाई, तुमी रागावू नका. आज जानत्याले बोलावलं हाय. झाडाले खिळा ठोकून घेतो. एकडावचं बांधून टाकलं का पोरं मोकळी."

मी हातातला दगड खाली ठेवला. "काय बांधणार?"

"तिले."

परी मागच्या आठवड्यात झाडाजवळून पळताना पडली. गुडघा फुटला, ताप आला, आणि आता ती शाळेत जात नाही. शाळेची वाट बोडीच्या पाळीवरून जाते. रंजूने समजावून पाहिलं, ओरडून पाहिलं, धानाच्या बांध्यांतून लांबच्या वाटेने नेऊन पाहिलं. पोरगी तिथूनही झाडाचा शेंडा दिसला की खाली बसते. गल्लीतली आणखी चार पोरं तशीच. म्हणून गल्लीने ठरवलं. आणि माझ्या भावाने, ज्याने लहानपणी हरवलेली चप्पल परत मिळावी म्हणून त्याच झाडापुढे कान धरून उठाबशा काढल्या, त्याने मान हलवली.

"मधुकर, तुला लाज नाही वाटत?" मी विचारलं.

"बाई, तू आता सुरू नको करू. पोरगी शाळेत जाऊन नाई राह्यली."

"म्हणून माझ्या भुजलीला खिळा ठोकणार?"

"तुहा तं भुतावर विश्वास नाई ना?"

"नाहीच. म्हणूनच विचारते, खिळा कोणाला ठोकणार आहात?"

तो विडी शोधायला उठला. त्याला उत्तर नसलं की विडी सापडत नाही.

उन्हं कलल्यावर जाणता, म्हणजे भूतबाधा उतरवणारा, आला. मोटरसायकलवर, डोक्यावर हेल्मेट, हँडलला लिंबांची पिशवी. साठीचा, वाळका, सभ्य माणूस. कागदात गुंडाळलेला लांबच लांब खिळा त्याने पाळीवर उघडून ठेवला. गल्लीतल्या बाया, पोरं, मधुकर, रंजू, सगळे अर्धा गोल करून उभे. परी आईच्या पदरात तोंड खुपसून. वर झाड चिंचेने लगडलेलं, एकही फांदी झोडलेली नाही. एवढी चिंच वाया चालली होती हे पाहून माझा जीव वेगळाच जळत होता.

जाणत्याने हळदकुंकू काढलं आणि विचारलं, "हां, घरचं मानूस कोन हाय?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

"घरचं कोनी नाई, महाराज," रंजू म्हणाली. "थे लोकं गाव सोडून गेले."

"मंग कसं जमन? ज्याले बांधाचं त्याच्या घरचं मानूस 'हो' म्हनल्याबिगर लोखंड लावता येत नाई. आपलं काम नियमातलं हाय."

"गाव 'हो' म्हनते ना," मागून कोणीतरी.

"गाव म्हंजे घर नोहे, बाबू. उद्या तुमच्या आज्याले कोनी गावाले विचारून खिळा ठोकला तं चालन काय?"

हसले थोडे. मधुकर माझ्याकडे पाहत होता. बोलू नको, असं त्याचे डोळे सांगत होते. या सगळ्या प्रकारावर माझा काडीचा विश्वास नव्हता, पण नियमच लावायचा तर मलाही नियम येत होता.

"मी आहे घरची," मी म्हटलं. "मी तिची भुजली."

जाणत्याने मला खालून वर पाहिलं. "कोनी पाह्यलं होतं?"

आता मी मधुकरकडे पाहिलं. तिथे उभ्या असलेल्यांत त्या वेळचा तो एकटाच होता. रंजूही त्याच्याकडे पाहत होती, सासऱ्याकडे, आणि तिचा हात परीच्या डोक्यावर होता. मधुकरने विडी कानावर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली.

"होय," तो म्हणाला. "म्या पाह्यलं. टोपली म्याच धरली होती पान्यात. चार दिवस अंगाले शेनाचा वास येत होता."

"मंग तुमीच घरच्या," जाणता मला म्हणाला, आणि आवाज एकदम आदराचा झाला. "सांगा, बाई. हो का नाई?"

"नाही."

"काऊन नाई?"

"तिने कोणाचं काय वाईट केलं ते आधी सांगा. एकानेही."

एका पोराने बोट वर केलं, त्याच्या आईने ते खाली केलं. जाणत्याने खिळा कागदात गुंडाळला. चिडला नाही. उलट त्याला सुटल्यासारखं वाटलं असावं, झाड फार मोठं होतं. जाताना मला म्हणाला, "तुमची भुजली तुमी सांभाळा मंग."

लोक पांगले. मला वाटलं, झालं. पण रंजू तिथेच उभी होती.

"आत्याबाई, तुमचं जमलं," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण डोळे भरले होते. "तुमची मैत्रीन होती, तुमाले वाईट वाटलं, समजलं मले. पन तुमी उद्या बसनं जाल. पोरगी माही हाय, ते इथीच राह्यते. उद्या सकाळची शाळा हाय. उद्या बी ते नाई गेली, तं मी त्याले पुन्हा बोलावतो. मंग घरचं मानूस असो का नसो, म्या सोता ठोकीन तो खिळा."

ती ठोकेलही. मला ती सून आवडते, ती याचसाठी. आणि तिचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून जास्तच वैताग आला. नियमाने झाड वाचलं होतं, पोरीचं भय जिथल्या तिथे होतं. संध्याकाळभर मी अंगणात दाणदाण चिंच फोडत बसले, आणि निम्मे चिंचोके फुटले.

२० एप्रिल, सोमवार. सकाळी मी बस जाऊ दिली. एका नवरीच्या आईला फोन केला, की ब्लाउज बुधवारी मिळेल. मग चिंचेचं पोतं, ठोकळा आणि दोन दगड मधुकरच्या डोक्यावर आणि माझ्या काखेत असे घेऊन बोडीच्या पाळीवर गेलो, आणि मी त्या झाडाखाली बैठक मारली. मधुकरला परत पाठवलं. त्याने विचारलं, "बाई, एकटीच बसतं?" मी म्हटलं, "मला काय धाड भरली आहे?"

पाण्यावर अजून ऊन आलं नव्हतं. मोहाचा गोड, डोकं जड करणारा वास जंगलाकडून येत होता. मी फोडायला लागले. ठक. ठक. थोड्या वेळाने पाळीच्या टोकाला रंजू दिसली, एका हातात दप्तर, दुसऱ्या हातात परी. मला पाहून दोघी थांबल्या.

मी हाक मारली नाही. मोठ्याने बोलत मात्र राहिले, हातातल्या चिंचेशी बोलल्यासारखी. म्हटलं, काय ते लोक, डावखुऱ्या मुलीला चुडैल म्हणतात. जिला चिंच खाल्ली की दात आंबायचे, तिला चिंचवाली म्हणतात. जिला गाता येत नाही तिच्यामागे संगीत लावतात.

सावलीच्या कडेपर्यंत पावलं आली.

"तिले चिंच नाई आवडत?" परीने विचारलं.

"अजिबात नाही. बोरं आवडतात."

"मंग इथी काऊन राह्यते?"

"इथून शाळेची वाट दिसते. पोरं येतात-जातात. तिला खेळायला कोणी लागतं."

"तिचे पाय?"

"तुझ्यासारखे. फक्त तू तेल लावतेस, ती लावायची नाही."

परी स्वतःच्या पायांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "ते केवढी हाय?"

"तुझ्याहून थोडी मोठी."

"पन ते तं तुमची मैत्रीन होती. तुमी म्हातारी झाल्या."

"मी झाले. ती नाही झाली."

रंजू दूर तशीच उभी, दप्तर छातीशी धरून. शाळेची घंटा वाजली.

"मंग आता तिच्यासंग खेळते कोन?" परीने विचारलं.

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. मी म्हटलं, "कोणी नाही. सगळी पळून जातात. ये, बस इथे, दगड घे."

परी सावलीत आली. माझ्या डाव्या बाजूची मोकळी जागा तिने पाहिली आणि थबकली.

"इथी कोनी बसलं असन तं?"

"मग मला काय विचारतेस? तिलाच विचार, सरकते का."

परी वाकली, त्या मोकळ्या जागेला हळू आवाजात काहीतरी विचारलं, थोडी थांबली, मान डोलावली आणि बसली. उत्तर काय मिळालं ते मी विचारलं नाही. तिच्या हातात दगड दिला आणि सांगितलं, बेताने मार, आणि एक ओंजळ चिंच संपली की शाळेत पळ, आधीच उशीर झाला आहे.